सापडलेला पॉइंटर किती वेळ आपला असतो

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी पोह्यांची प्लेट हातात घेतली आणि फोन वाजला. सपोर्टमधला मुलगा. "दादा, साईटवरचे सात गेटवे रात्रीत रिबूट झालेत, त्यातले दोन तर तीन-तीन वेळा, लॉग टाकलाय, बघा जरा." बघितला. शेवटी कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोलमडलेला, आणि कॉल ट्रेसमधे (कोसळताना कुठली फंक्शनं चालू होती त्याची यादी) वरून तिसऱ्या ओळीवर माझ्या मॉड्यूलमधलं फंक्शन, मी स्वतः लिहिलेलं, आठ महिने लॅबमधे एकदाही न कुरकुरलेलं. पोहे तसेच राहिले.

तर ही पोस्ट त्या फंक्शनमधल्या एका ओळीबद्दल आहे. ओळीचं काम एवढंच, नाव द्यायचं आणि त्या नावाचा नेटवर्क इंटरफेस शोधून आणायचा. साधा लुकअप. यात चुकण्यासारखं काय असणार असं मलाही वाटायचं. (फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहितोय, अंडरस्कोर मनातल्या मनात टाकून घ्या, कर्नलवाल्यांना ती कोडमधे कशी दिसतात ते माहितीच आहे आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही.)

बॉक्स काय करतो ते आधी सांगतो. छोटा लिनक्स गेटवे, कर्नल ५.१०, एका बाजूला इथरनेट आणि दुसऱ्या बाजूला यूएसबीवर लावलेला एलटीई मोडेम. माझं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेला माझा कोड, नेटफिल्टरमधे (कर्नलची पॅकेट तपासायची जागा) एक हुक लावतं, म्हणजे पॅकेट आलं की कर्नल माझं फंक्शन बोलावतो, येणाऱ्या पॅकेटपैकी काही निवडक पॅकेटची कॉपी काढतं आणि ती कॉपी दुसऱ्या एका इंटरफेसवरून बाहेर पाठवतं. कुठल्या इंटरफेसवरून, ते कस्टमर नाव देऊन ठरवतो. बहुतेकांनी मोडेमचंच नाव दिलेलं. आणि मोडेम ही काय चीज आहे हे ज्यांनी फील्डमधे काम केलंय त्यांना सांगायला नको, तो मनाला येईल तेव्हा रिसेट होतो, यूएसबीवरून गायब होतो, पाच सेकंदांनी परत उगवतो. लॅबमधे आमचा मोडेम टेबलावर, खिडकीजवळ, फुल सिग्नलमधे, त्याला गायब व्हायचं काही कारणच नव्हतं.

लिनक्समधे प्रत्येक इंटरफेससाठी, मग तो खराखुरा पोर्ट असो, मोडेम असो नाहीतर नुसता व्हीलॅन, मेमरीत एक नेट डिव्हाइस नावाचं स्ट्रक्चर असतं. नावावरून ते शोधायला तीन फंक्शनं आहेत, तीन सख्ख्या बहिणी म्हणा, चेहरे सारखे आणि स्वभाव एकदम वेगळे. एक साधं डेव्ह गेट बाय नेम. एक त्याचंच शेपटीला आरसीयू लावलेलं रूप (आरसीयू म्हणजे रीड-कॉपी-अपडेट, वाचणाऱ्याला न अडवता डेटा बदलायची कर्नलची पद्धत, नीट खाली सांगतो). आणि एक सुरुवातीला दोन अंडरस्कोर असलेलं. तिघी एकाच हॅश टेबलमधे बघतात आणि तिघी तोच पॉइंटर, म्हणजे त्या स्ट्रक्चरचा मेमरीतला पत्ता, आणून देतात. शोधण्यात काही फरक नाही हो, फरक आहे तो मिळालेला पॉइंटर अजून किती वेळ खरा राहील याची हमी कोण घेतंय यात. साधीवाली जाताना डिव्हाइसचा रेफरन्स काउंट (किती जण तो वापरतायत त्याचा आकडा) वाढवून देते, तुम्ही डेव्ह पुट म्हणेपर्यंत तो डिव्हाइस मेमरीतून जाणार नाही, फक्त ते पुट म्हणायचं तुम्ही विसरायचं नाही. आरसीयूवाली काउंटला हात लावत नाही, तुम्ही आरसीयू रीड लॉक आणि अनलॉक यांच्या मधे आहात तेवढ्यापुरती हमी. आणि दोन अंडरस्कोरवाली काहीच करत नाही, तिनं गृहीतच धरलेलं असतं की तुम्ही आरटीएनएल घेऊन आलाय.

आरटीएनएल म्हणजे नेटवर्किंगच्या कॉन्फिगरेशनचं एक भलंमोठं म्युटेक्स, एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप. इंटरफेस बनवा, काढा, अप करा, नाव बदला, सगळी वरात त्या एकाच दारातून. त्यामुळे ते तुमच्या हातात असेल तर दुसरं कुणी इंटरफेस काढूच शकत नाही, मग काउंट वाढवायची गरज काय, असा तो हिशोब. हे एकच दार आता जाम होतं म्हणून नेटवर्क नेमस्पेसप्रमाणे (एकाच कर्नलवरची आपापली वेगळी नेटवर्कं, कंटेनरला असतात तशी) वेगळं करायचं काम २०२४ पासून मेनलाइनमधे, म्हणजे मुख्य कर्नलमधे, चालू आहे, पण आमच्या ५.१० ला त्याचा काही उपयोग नाही.

मी माझ्या हुकमधे दोन अंडरस्कोरवाली वापरली होती. आरटीएनएल न घेता. आरसीयूचा विचार न करता.

का, तर एका ड्रायव्हरमधून चार ओळी उचलल्या होत्या. तिथं त्या बरोबरच होत्या, कारण तो कोड कॉन्फिगरेशनच्या वाटेवर होता आणि वरच्या कुणीतरी आरटीएनएल आधीच घेतलेला. माझ्या हुकमधे तसं काहीच नव्हतं, मी ओळी आणल्या आणि त्यांच्यामागचं कुलूप तिथंच राहिलं. शिवाय खरं सांगायचं तर ती आवडलीही होती, पुट करायची कटकट नाही, एका ओळीत काम. आणि आमच्या कर्नलमधे ती आत आल्यावर काही तपासतही नाही. आरटीएनएल आहे का हे बघून लॉगमधे बोंब मारणारं असर्ट आरटीएनएल नावाचं मॅक्रो कर्नलमधे आहे, बऱ्याच फंक्शनांत ते असतं, पण इथं नव्हतं. म्हणून आठ महिने शांतता.

साईटवर काय झालं असणार ते आता उघड आहे. पॅकेट आलं, माझ्या हुकनं नाव शोधलं, पॉइंटर मिळाला, आणि त्याच सुमारास दुसऱ्या कोअरवर मोडेम यूएसबीवरून उडाला, त्याचा नेट डिव्हाइस लिस्टमधून निघाला, मेमरी फ्री झाली. माझं फंक्शन मात्र तोच पॉइंटर घेऊन कॉपी पाठवायला निघालेलं. घर पाडलंय आणि पोस्टमन जुन्याच पत्त्यावर बेल शोधतोय.

हे लॅबमधे परत घडवायला मला दोन दिवस लागतील असं वाटलं होतं, लागली वीस मिनिटं. क्यूइमूमधे एक व्हीएम, कर्नल केसॅन चालू करून बिल्ड केलेला, एका टर्मिनलवर आयपर्फनं ट्रॅफिक, दुसऱ्यावर शेलचा चार ओळींचा लूप, डमी टाइपचा इंटरफेस बनव, अप कर, डिलीट कर, परत बनव. केसॅन म्हणजे कर्नलचा मेमरीवरचा वॉचमन, फ्री केलेल्या जागेला कुणी हात लावला की तिथल्या तिथं धरतो. चौथ्या का पाचव्या फेरीला धरलं. युज आफ्टर फ्री, खाली दोन ट्रेस, ही मेमरी कुणी घेतली होती आणि कुणी सोडली, आणि सगळ्यात वर हात लावणारा चोर, मी. हा लूप मी आठ महिन्यांपूर्वी का लावला नाही या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

मग दुरुस्ती. पहिली दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी केली आणि ती वाचून हसू नका. दोन अंडरस्कोरवालीला आरटीएनएल पाहिजे ना, मग घेऊया, म्हणून हुकमधे लुकअपच्या आधी आरटीएनएल लॉक आणि पॅकेट पाठवून झाल्यावर अनलॉक टाकलं. आता हा हुक चालतो सॉफ्टआयआरक्यूमधे, म्हणजे कार्डानं पॅकेट आणून दिलं की कर्नल हातातलं काम टाकून जे पटकन उरकतो त्यात, आणि तिथं झोपायला सक्त मनाई. म्युटेक्स मात्र दुसऱ्याकडे असेल तर घेणाऱ्याला झोपवून ठेवतं. यातली डेंजर गोष्ट अशी की म्युटेक्स रिकामं असेल तर ते लगेच मिळतं, कुणी झोपत नाही, सगळं व्यवस्थित चालतंय असं दिसतं. आमच्या प्रोडक्शन कॉन्फिगमधे डीबग ॲटॉमिक स्लीप, म्हणजे नको तिथं झोपू शकणारा कोड पकडणारा ऑप्शन, बंद, त्यामुळे अर्धा दिवस मी खुश होतो. दुपारी कुणीतरी त्याच बॉक्सवर आयपी कमांडनं काहीतरी बदलत बसलं आणि लॉगमधे शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक, म्हणजे मनाई तिथं झोपला. तोच ऑप्शन चालू करून बिल्ड केलं तर पहिल्या पॅकेटलाच ओरडला असता, स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट म्हणून. तेव्हापासून माझ्या डेव्हलपमेंटच्या कॉन्फिगमधे तो, प्रूव्ह लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारा लॉकडेप) आणि केसॅन हे तिघं कायम चालू असतात, बिल्ड रडत चालतं, चालूदे.

दुसरी दुरुस्ती त्यामानानं शहाणी होती. साधं डेव्ह गेट बाय नेम, जे कुठूनही बोलावता येतं, स्वतःचं लॉकिंग स्वतः करतं आणि काउंट वाढवून देतं. शेवटी डेव्ह पुट. लूप रात्रभर चालला, केसॅन गप्प. पाठवून दिलं.

तीन दिवसांनी साईटवरून वेगळीच तक्रार. रिबूट नाही, पण मोडेम एकदा गेला की परत येतच नाही. काढून लावला तरी नाही. लॉगमधे दर दहा सेकंदांनी एकच ओळ, अनरजिस्टर नेटडिव्हाइस, अमुक इंटरफेस फ्री व्हायची वाट बघतोय, युसेज काउंट १. ही ओळ ज्यानं एकदा पाहिली तो विसरत नाही. डिव्हाइस काढणारा कोड शेवटच्या पायरीवर थांबून राहतो, सगळ्यांनी आपापले रेफरन्स परत करेपर्यंत, आणि कुणीतरी एक परत केलेला नाही. वाईट म्हणजे इथं थांबलेला होता यूएसबी हबचा वर्कर, मोडेम निघाल्यावर डिस्कनेक्ट करायला गेलेला तो तिथंच अडकला, म्हणून त्या हबवर नवीन काही लावलं तरी बघायला कुणी रिकामंच नाही.

तो कुणीतरी मीच. पॅकेट फार छोटं असेल तर कॉपी न काढता लवकर बाहेर पडायची एक वाट होती फंक्शनमधे, एक साधा रिटर्न, लुकअपच्या खाली. त्या वाटेवर डेव्ह पुट नव्हतं. माझ्या आयपर्फच्या टेस्टमधे सगळी पॅकेटं जाडजूड, छोटं एकही नाही. नव्या कर्नलमधे, म्हणजे ५.१७ पासून, रेफरन्स ट्रॅकर आलाय, कुठल्या ओळीनं रेफरन्स घेतला आणि दिला नाही ते तो नावानिशी सांगतो. ५.१० वर मी एक एक रिटर्न बोटानं मोजत बसलो.

इथं आमचे काका आले. काका म्हणजे टीममधले सगळ्यात सिनियर, खरं नाव वेगळं पण सगळं ऑफिस काकाच म्हणतं, पंचावन्नच्या आसपास, चहा बिनसाखरेचा. मी त्यांना विचारलं, "काका, लुकअपला नेमकं कुठलं लॉक सेफ?" ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "तू लॉकपासून सुरुवात करतोयस म्हणून चुकतोयस. मला आधी सांग, हा पॉइंटर तुला किती वेळ लागणार आहे? आणि तेवढ्या वेळात तू झोपणार आहेस का?"

मी म्हणालो, कॉपी काढून पाठवेपर्यंत, काही मायक्रोसेकंद, आणि नाही, झोपणार नाही.

"मग आरसीयू. अजून काय पाहिजे."

झालं. एका ओळीचं उत्तर. पण माझ्या डोक्यात आरसीयू नेहमी अर्धवट होतं, मग त्यांनी कॅन्टीनमधे बसून पंगतीचं उदाहरण दिलं, ते जसंच्या तसं इथं टाकतोय कारण मला त्यानंतरच खरं समजलं. बुफे नाही, जुनी पंगत. कार्यालयातलं एक टेबल काढायचंय. आधी काय करायचं, नवीन येणाऱ्यांना त्या टेबलाकडे पाठवणं बंद करायचं. म्हणजे लिस्टमधून नोड काढला. पण जे आधीच बसलेत त्यांच्या पुढ्यातलं पान ओढायचं नाही, त्यांचं ताक-भात होऊदे. ती माणसं उठली की मग टेबल उचला, म्हणजे सिंक्रोनाइज आरसीयू झालं आणि आता मेमरी फ्री करायला हरकत नाही. दरम्यान दुसऱ्या टेबलांवर नवीन लोक बसतायत तर बसूदेत, त्यांच्या उठण्याची वाट बघायची गरज नाही, त्यांनी हे टेबल पाहिलेलंच नाही. जेवणाऱ्याला बसताना कुणाची परवानगी लागत नाही, रजिस्टरमधे सही नाही, सगळा ताप वाढप्याला. अट एकच, पंगतीत झोपायचं नाही, नाहीतर मागची सगळी कामं अडतात. आणि पानातला लाडू खिशात घालून न्यायचा नाही. न्यायचाच असेल तर यजमानांना सांगून डबा भरून घ्या, म्हणजे उठायच्या आधी डेव्ह होल्ड करून काउंट वाढवा.

खिशातला लाडू हीच सगळ्यात कॉमन चूक आहे बरं का. आरसीयू रीड लॉक घेतलं, डिव्हाइस शोधला, अनलॉक केलं, आणि मग खाली त्याच पॉइंटरवर काम. बघायला किती नीटनेटकं दिसतं, लॉक आहे, अनलॉक आहे, रिव्ह्यूमधे डोळ्याखालून सरळ निघून जातं.

आरसीयू लिनक्समधे ऑक्टोबर २००२ मधे, २.५.४३ मधे आलं, पॉल मॅकेनी हे त्यामागचं मुख्य नाव, त्याआधी ते सिक्वेंट कंपनीच्या डायनिक्स युनिक्सवर यातलं काम करून आलेले. पण नेटवर्क डिव्हाइस नावावरून शोधायचं आरसीयूवालं फंक्शन मात्र २००९ च्या अखेरीस लिहिलं गेलं आणि २.६.३३ मधून बाहेर आलं, एरिक डुमाझे यांचं काम. तोपर्यंत डेव्ह बेस लॉक नावाचं एक रीडर-रायटर लॉक घ्यावं लागायचं, आणि ते लॉक पूर्ण निघायला २०२४ चं ६.९ उजाडलं. एक कुलूप काढायला एवढी वर्षं, आणि मला एका संध्याकाळी लावायची घाई.

हे सगळं एवढ्या टोकाला का नेतात हा प्रश्न मलाही पडायचा, तर एक हिशोब करून बघा. १० गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटची पॅकेटं भरभरून आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजारांच्या आसपास होतात, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. त्यात चार कोअर एकाच लॉकच्या कॅशलाइनसाठी (ते लॉक असलेला कॅशमधला तुकडा) हिसकाहिसकी करायला लागले की बजेट तिथंच संपलं, आणि रीडर-रायटर लॉकमधे नुसतं वाचणाराही त्या लॉकवर लिहितोच की, मी आलो, मी गेलो. प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलमधे आरसीयू रीड लॉकचा कोड जवळजवळ शून्य असतो. माझा गेटवे १० गिगाबिट सात जन्मात बघणार नाही, पण तरी.

आता काकांच्या एका ओळीच्या उत्तरानं क्रॅश थांबला असता, आणि मी तिथं थांबायला हवं होतं कदाचित. पण दर पॅकेटला नावाचं स्ट्रिंग हॅश करून शोधणं मला बघवेना. नाव बदलत नाही, इंटरफेस दिवसातून दोनदा जातो-येतो, आणि मी सेकंदाला हजारो वेळा तेच विचारतोय, हा कुठे राहतो, हा कुठे राहतो. पॉइंटर एकदाच शोधून ठेवून द्यावा. म्हणजे आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर बदललं. किती वेळ लागणार? कॉन्फिग बदलेपर्यंत, महिनाभर सुद्धा. मग नुसत्या आरसीयूनं भागत नाही, डबा पाहिजे.

हा भाग मी तीनदा लिहिला म्हणून जरा सविस्तर सांगतो. कस्टमर नाव देतो ते आमच्याकडे जेनेरिक नेटलिंकमधून (प्रोग्रॅमनी कर्नलशी बोलायची एक वाट) येतं, आणि तिथल्या हँडलरमधे आरटीएनएल आपोआप घेतलेला नसतो, आपला आपण घ्यायचा. इथं झोपायला मुभा आहे, म्हणून आरटीएनएल चालतो, आणि म्हणून तीच दोन अंडरस्कोरवाली, जिनं मला रडवलं, ती इथं एकदम बरोबर. लुकअप केला, डेव्ह होल्ड केलं, पॉइंटर कॉन्फिगमधे ठेवला, आणि मग आरटीएनएल सोडला. पहिल्या प्रयत्नात मी काय केलेलं, तर लुकअप करून होल्ड घेऊन आरटीएनएल सोडला होता आणि पॉइंटर ठेवणं नंतर, बाहेर. वाटलं होल्ड आहे ना, मेमरी कुठं जातेय. मेमरी जात नाही हे खरं. पण डिव्हाइस जातो. तो जाताना कर्नल सगळ्यांना नोटिफायरमधून हाळी देतो, नेटडेव्ह अनरजिस्टर, ज्याच्याकडे माझा रेफरन्स असेल त्यानं सोडा. ती हाळी नेमकी माझ्या आरटीएनएल सोडण्याच्या आणि पॉइंटर ठेवण्याच्या मधल्या फटीत आली तर माझा नोटिफायर कॉन्फिगमधे बघणार, तिथं काही नाही, बरं म्हणून परत जाणार, आणि मग मी मेलेला डिव्हाइस सन्मानानं कॉन्फिगमधे बसवणार. परत तीच युसेज काउंट १ ची ओळ. तसा अडून बसलेला असताना कर्नल ती हाळी मधून मधून परत देतो, त्यामुळे पुढच्या वेळी सुटेलही, पण दुसऱ्याच्या भलेपणावर आपला कोड उभा करणं काही बरं नाही. शोधणं आणि ठेवणं एकाच लॉकखाली, मधे फट नको.

नोटिफायरमधे उलटं. तो चालतो तेव्हा आरटीएनएल आधीच घेतलेला असतो, तिथं परत मागितला तर स्वतःच स्वतःची वाट बघत बसणार (हेही करून झालंय, पण दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे ते मोजत नाही). तिथं फक्त पॉइंटर काढायचा, सिंक्रोनाइज नेट करायचं म्हणजे आधीची पंगत उठते, आणि डेव्ह पुट. आणि हुकमधे आरसीयू डिरेफरन्स करून पॉइंटर वाचायचा, नल असेल तर पॅकेट सोडून द्यायचं. मोडेम परत आला की त्याच नावाचा पण वेगळा डिव्हाइस येतो, नंबरही वेगळा, म्हणून रजिस्टरच्या हाळीला नाव जुळवून नवीन पॉइंटर ठेवायचा. नावाबरोबर नेमस्पेसही जुळवा. कंटेनरमधे त्याच नावाचा दुसरा इंटरफेस आरामात असतो.

मधे एका रविवारी हौस म्हणून टीसीपीमधे आलेल्या पॅकेटचं सॉकेट कसं शोधतात ते वाचत बसलो, आणि तिथं प्रकरण वेगळ्याच लेव्हलचं आहे. तिथं कनेक्शनं इतक्या वेगानं बनतात आणि मरतात की प्रत्येकाची मेमरी सोडायला पंगत उठायची वाट बघणं परवडत नाही. म्हणून स्लॅब टाइपसेफ बाय आरसीयू. म्हणजे तुम्ही बघत असतानाच त्या जागेतलं सॉकेट मरून तिथंच दुसरं जन्माला येऊ शकतं, हमी एवढीच की तेवढ्या वेळात ती जागा सॉकेटचीच राहील, दुसऱ्या कशासाठी दिली जाणार नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना हे लगेच कळेल. कॉट तीच, खोली तीच, माणूस बदललेला. म्हणून तिथं आधी ॲड्रेस आणि पोर्ट जुळवतात, मग काउंट वाढवतात, तोही शून्य नसेल तरच, शून्य असेल तर तो मरतोय, सोडून द्या. आणि काउंट हातात आल्यावर ॲड्रेस-पोर्ट परत एकदा जुळवतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही दुसरी तपासणी मला फालतू वाटली होती, कुणीतरी घाबरून टाकलेली. ती काढली तर एखाद्या दिवशी एकाचं पॅकेट दुसऱ्याच्या कनेक्शनमधे. नेट डिव्हाइसला ही कसरत लागत नाही, कारण तिथं लिस्टमधून काढल्यावर कर्नल स्वतः थांबतो आणि मगच शेवटचा रेफरन्स सोडतो, म्हणून आरसीयूच्या आत असताना सरळ होल्ड केलं तरी चालतं. दुसऱ्या कुठल्या ऑब्जेक्टला हेच चालेल असं समजून लिहू नका मात्र.

असो. पॅच तयार झाला, लूप दोन रात्री चालला, यावेळी छोटी पॅकेटं पण घातली. केसॅन गप्प, लॉकडेप गप्प. काकांना रिव्ह्यूला पाठवला. अख्खं डिव्हाइस प्रकरण त्यांनी मान हलवत वाचलं, नोटिफायर बघितला, ठीक म्हणाले. मग स्क्रोल करत कॉन्फिग बदलायच्या फंक्शनवर आले. तिथं मी नवीन कॉन्फिगचं स्ट्रक्चर बनवून आरसीयू असाइन पॉइंटरनं जुन्याच्या जागी बसवतो, आणि पुढच्या ओळीवर जुनं केफ्री, म्हणजे त्याची मेमरी तिथल्या तिथं सोडून दिली.

"डिव्हाइसला पंगतीत बसवलंस, आणि ते ज्या ताटात वाढलंस ते ताट?"

मला कळायला दोन सेकंद लागले. हुक तो पॉइंटर वाचतो तो कॉन्फिगच्या स्ट्रक्चरमधून, आणि ते स्ट्रक्चर मी कुणी वाचतंय का न बघता फ्री करत होतो. डिव्हाइस सुरक्षित, त्याच्याकडे जायचा रस्ताच उखडलेला. माझ्या लूपनं हे पकडलं नाही कारण लूप इंटरफेस बनवत-काढत होता, कॉन्फिगला हात लावतच नव्हता.

स्ट्रक्चरमधे आरसीयू हेड घातलं, केफ्रीचं केफ्री आरसीयू केलं, म्हणजे पंगत उठल्यावरच फ्री. लूपमधे पाचवी ओळ टाकली, दर फेरीला कॉन्फिग बदलणारी, आणि आधी मुद्दाम जुन्याच कोडवर चालवून बघितली. पहिल्याच मिनिटाला केसॅननं धरलं. आता नव्या कोडवर लावून ठेवलीय, सोमवारी सकाळी बघेन.